अब्बांचं कूट

अब्बा गडचिरोलीत शिक्षक होते. बुद्धिबळाची कूटं रचायचे. त्यांच्या वहीतलं 'तीन चालींत मात' मी चंद्रपुरात बॅटरीवरच्या बुद्धिबळयंत्रावर मांडलं. यंत्राला प्रत्येक मोहरा घरावर दाबून सांगावा लागतो. चाल कुणाची, हेही. चुकलं तर उत्तर भलतंच!

यंत्रानं मात दिली, पण पहिली चाल वेगळीच. अब्बांचीही बरोबर होती. म्हणजे उत्तरं दोन, आणि कूटाला उत्तर एकच हवं. मन खट्टू झालं. पण दोन उंटांविरुद्ध एकटा घोडा ठरावीक बचावानं तगतो, असं जाणकारही शंभरावर वर्षं मानत आले होते. १९८३ मध्ये केन थॉम्पसन यांच्या संगणकानं ते खोडलं. मग अब्बा तर लाकडी पटावर रचणारे.

रात्रभर बसून मी कडेला एक काळं प्यादं वाढवलं. दुसरी वाट बंद झाली. वहीत मात्र ते पेन्सिलीनंच काढलंय.