हार्प: ताण सोसून गाणारं लाकूड

सतार किंवा तंबोऱ्याच्या तारा तबलीवरून, म्हणजे वाद्याच्या पातळ लाकडी झाकणावरून, तिला समांतर धावतात आणि घोडीवाटे आपला भार खाली दाबतात. हार्पमध्ये उलटं असतं. तिथे तारा तबलीच्या पोटातूनच वर निघतात आणि माथ्यावरच्या मानेत बसवलेल्या खुंट्यांना गुंडाळल्या जातात. वाद्य वाजत असो वा कोपऱ्यात उभं असो, तबली अष्टौप्रहर वर खेचली जात असते. चौतीस-छत्तीस तारांच्या आजच्या लोकहार्पवर हा ताण एकूण काहीशे किलोंचा भरतो आणि तो पेलणारी तबली असते जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. जाड ठेवली तर वाद्य टिकेल, पण बोलणार नाही. पातळ केली तर आवाज खुलेल, पण एक दिवस लाकूड तडकेल. हार्प घडवणाऱ्याचं सारं कसब या दोहोंमधली नेमकी जागा शोधण्यात आहे.

नवं हार्प घरी आलं की पहिले काही आठवडे त्याचा सूर सारखा उतरत राहतो. तारा ताणल्या जातात, लाकूड बसतं, तबलीला हळूहळू पोट येतं. हे पोट म्हणजे बिघाड नव्हे. कारागिराने ते गृहीतच धरलेलं असतं. बेतशीर फुगल्यावर बरीच वाद्यं अधिक मोकळी वाजतात. काळजी करायची ती तबलीचा सांधा सुटू लागला किंवा मान एका अंगाला पिळवटली तर. तार तुटली तर जागा फार दिवस रिकामी ठेवत नाहीत आणि सगळ्या तारा एकदम सैल करत नाहीत, कारण त्या ताणाच्या हिशेबानेच लाकूड उभं राहिलेलं असतं. ऊन आणि कोरडी हवा हे मोठे शत्रू. तारांच्या या रानात बोटांना वाट सापडावी म्हणून ‘सी’च्या तारा लाल आणि ‘एफ’च्या काळ्या किंवा निळ्या ठेवतात. वाजवायला दोन्ही हातांची चार-चार बोटं. करंगळीला काम नाही.

युरोपात हार्पचं नाव निघालं की आयर्लंड आठवतं. एखादं वाद्य राष्ट्रचिन्ह म्हणून मिरवणारा तो एकमेव देश. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ठेवलेलं, ब्रायन बोरू या राजाच्या नावाने ओळखलं जाणारं हार्प त्या राजानंतर काही शतकांनी घडलेलं आहे. जुन्या आयरिश हार्पची ध्वनिपेटी विलोच्या एकाच ओंडक्यातून कोरून काढत. तारा पितळेच्या, वाजवायच्या वाढवलेल्या नखांनी. पितळेची तार छेडल्यावर फार वेळ निनादत राहते. म्हणून कुठला स्वर कधी दाबून गप्प करायचा, ही या वादनातली अर्धी विद्या होती. अंध वादक टर्लाक ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) घोड्यावरून गावोगावच्या वाड्यांवर जाई आणि यजमानांच्या नावाने चाली बांधी. त्याच्या दोनशेहून अधिक चाली आजही वाजतात.

मात्र ते आश्रयदाते गेले आणि परंपरा झपाट्याने आटली. १७९२ मध्ये बेलफास्टला उरल्यासुरल्या हार्पवादकांचा मेळावा भरवला, तेव्हा जमले अवघे अकरा जण आणि त्यांतला एक वेल्सचा. नव्वदी ओलांडलेला डेनिस हेम्पसन तेवढा जुन्या पद्धतीने नखांनी वाजवत होता. एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंगने त्यांच्या चाली उतरवून घेतल्या आणि १७९६ मध्ये छापल्या, पण पियानोसाठी बसवून. चाली वाचल्या, हाताची विद्या बरीचशी गेली. पुढे एकोणिसाव्या शतकात डब्लिनच्या जॉन ईगनने आतड्याच्या तारांचं सुटसुटीत हार्प बनवलं. आजचं ‘केल्टिक हार्प’ त्याच्या वळणाचं आहे. पितळी तारांचं हार्प विसाव्या शतकात संग्रहालयांतल्या वाद्यांची मापं घेऊन पुन्हा घडवावं लागलं. २०१९ मध्ये युनेस्कोने आयरिश हार्पवादनाची अमूर्त वारशात नोंद केली. माझ्या लेखी त्या मानापेक्षा, मापं घेत बसलेल्या कारागिरांचं काम मोठं आहे.

दक्षिण अमेरिकेत जेझुइट पाद्री हार्प घेऊन गेले आणि पराग्वेच्या लोकांनी ते आपलंसं केलं. तिथलं हार्प वजनाला हलकं आणि नखांनी वाजवायचं. मान पिळवटण्याच्या दुखण्यावर तिथल्या कारागिरांनी सुरेख उपाय काढला. मान दोन फळ्यांची करून तारा मधोमध वर नेल्या, म्हणजे ओढ एका बाजूला जातच नाही. फेलिक्स पेरेस कार्दोसो (१९०८–१९५२) यांनी या वाद्याला देशाचा आवाज बनवलं.

आपल्याला खरं जवळचं आहे ते म्यानमारचं ‘सौंग गौक’. नावेच्या आकाराचं पडौक लाकडाचं अंग, त्यावर ताणून बसवलेलं हरणाचं कातडं, वर लाखेचा तांबडा-काळा मुलामा. त्यातून उसळी घेतल्यासारखी वळलेली मान निघते. लाकूड वाफवून वाकवलेलं नव्हे. खैराच्या जातीच्या झाडाचं निसर्गतःच वळलेलं मूळ शोधून आणतात आणि टोकाला पिंपळपान कोरतात. सोळा तारा, पूर्वी रेशमाच्या, आता बहुधा नायलॉनच्या. परंपरेत खुंट्या नाहीत. तार लाल सुती दोरीने मानेला बांधायची आणि दोरीचा वेढा फिरवून सूर लावायचा. वादक मांडी घालून बसतो, वाद्य मांडीवर, मान डावीकडे. उजव्या हाताची बोटं छेडतात आणि डाव्या हाताचा अंगठा आतून तार दाबून स्वर चढवतो. इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आरंभी प्यू राज्यातून चीनच्या तांग दरबारी गेलेल्या वादकांच्या ताफ्यातही असं वाद्य होतं.

हे घराणं म्यानमारात गेलं ते भारतातून. भाजे लेण्यातल्या विहाराच्या व्हरांड्यात इंद्राचं म्हणून ओळखलं जाणारं शिल्प पाहायला लोक थांबतात; त्याच्याच खालच्या बाजूला राजासमोर नर्तकी आणि धनुष्याकृती वीणा घेतलेली व्यक्ती कोरली आहे. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजाच्या मांडीवर आहे ती वीणाही याच आकाराची. भरताने नाट्यशास्त्रात एक वीणा अचल ठेवून दुसरी श्रुतीश्रुतीने उतरवण्याचा जो प्रयोग सांगितला, तो प्रत्येक स्वराला स्वतंत्र मोकळी तार असलेल्या वाद्यावरच सहज जमतो. तमिळ ‘याळ’ही याच कुळातली. मग दांडीच्या, पडद्यांच्या वीणा आल्या आणि पहिल्या सहस्रकाच्या अखेरीपर्यंत ही वीणा दरबारातून नाहीशी झाली. मींड आणि गमक हिच्यावर येत नाहीत म्हणून ती मागे पडली, असं सांगितलं जातं. म्यानमारच्या वादकाचा डावा अंगठा पाहिल्यावर एवढं एकच कारण मला पुरेसं वाटत नाही.

तरीही ती संपलेली नाही. मध्य प्रदेशात मंडल्याच्या बाजूला गोंडांचे भाट असलेल्या परधानांकडे ‘बीन-बाजा’ आहे: कोरलेलं लाकूड, त्यावर कातडं, धनुष्यासारखी मान आणि पाच तारा. अमेरिकी संगीतअभ्यासक रॉडरिक नाइट यांनी १९८५ मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. परधान समाज आपल्या विदर्भातही आहे, पण आपल्या संगीत विभागांच्या अभ्यासक्रमात या वाद्याला जागा नाही. हे चुकतं आहे.

असं वाद्य घडवू शकणारे हातही जवळच आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लाकूड कधी पिकलं, तबली किती घासायची, खुंटी कुठे बसवायची, हे तिथल्या कारागिरांच्या हातांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. एखाद्या विद्यापीठाने मंडल्याच्या परधान वादकाला आणि मिरजेच्या कारागिराला एका कारखान्यात बसवावं, भाज्याच्या शिल्पाचे फोटो समोर ठेवावेत आणि एक वीणा घडवून घ्यावी. बेलफास्टला जमले होते तसे थोडेच वादक उरायची वाट न पाहता, आत्ताच.