घसरत धावणारी मोटार

घाटातील वळणावर मोटार वेगाने वळली, की आतील माणसे एका बाजूस कलतात. हा अनुभव पुष्कळांना आहे. धावणाऱ्या वस्तूची ओढ सरळ जाण्याकडे असते. मोटारीला वळविण्याचे काम टायर व रस्ता यांच्यामधील घर्षण करते. पण त्या घर्षणालाही मर्यादा आहे. वेग फार वाढला, की मागील चाके बाहेरच्या बाजूस सरकू लागतात. मग मोटारीचे तोंड एकीकडे आणि गती दुसरीकडे, अशी स्थिती होते. या घसरणीस ‘ड्रिफ्ट’ असे म्हणतात.

1970 नंतरच्या दशकात जपानमधील कुनिमित्सु ताकाहाशी हे शर्यतपटू मुद्दाम अशी घसरण घडवून वळणे घेत. उजव्या वळणावर मोटारीची मागची बाजू डावीकडे जाऊ लागली, की पुढील चाकेही डावीकडे वळवावयाची आणि तोल सांभाळावयाचा, हे त्यातील खरे कौशल्य होय. पुढे केइची त्सुचिया यांनी ही कला लोकप्रिय केली. 1993 साली निघालेल्या ‘रिज रेसर’ या जपानी व्हिडिओ खेळात ती पडद्यावरही दिसली.

अशा साध्या खेळातील मोटार म्हणजे केवळ काही आकडे होत: तिचे स्थान, तिचा वेग, तिच्या तोंडाची दिशा आणि गतीची दिशा. संगणक हे आकडे सेकंदास बहुधा 30 किंवा 60 वेळा नव्याने मोजतो व तितकीच चित्रे काढतो. कळ दाबताच मोटारीचे तोंड वळते. गतीची दिशा मात्र मागे राहते व हळूहळू तिकडे झुकते. ती किती लवकर झुकावी, हे पकडीचा एक आकडा ठरवितो. तो लहान केला, की रस्ता जणू पावसाने निसरडा होतो!

नवशिका खेळाडू भरवेगात वळणावर येतो आणि कठड्यावर आदळतो. चारदोनदा असे झाले, म्हणजे त्याला उमगते, की वेग आवरावयाचा तो वळणावर नव्हे, वळणापूर्वी.

पडद्यावरील मोटार आदळली, तरी एक कळ दाबताच ती पुन्हा धावू लागते. खऱ्या रस्त्यावर अशी कळ नाही. म्हणूनच घसरणीच्या स्पर्धा बंदिस्त मार्गावर भरवितात. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावरून सायकलने शाळेस जाणाऱ्या मुलाच्या चाकांनाही घर्षणाचा हाच नियम लागू असतो. वळण दिसताच ज्याचा हात आधी ब्रेककडे जातो, तो सुखरूप शाळेत पोहोचतो.