साम्राज्यवाद : अर्थ आणि ओळख

उर्दूत वसाहती साम्राज्यवादाला ‘इस्तेमार’ म्हणतात. या शब्दाचा व मराठीतील ‘इमारत’ या शब्दाचा अरबी धातू एकच आहे. परसत्ताही उभारणीचीच भाषा बोलते. म्हणून तिने काय उभारले यापेक्षा निर्णय कोणाच्या हाती गेला, हे पाहावे. टिळकवाडीतील विद्यार्थ्यांना कित्तूरचे उदाहरण जवळचे आहे. १८२४ मध्ये तेथील राजाच्या निधनानंतर कंपनी सरकारने दत्तकविधान अमान्य केले. धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने खजिन्याला मोहोर लावली. राणी चन्नम्मांनी प्रतिकार केला. ऑक्टोबरमध्ये थॅकरे मारला गेला, डिसेंबरमध्ये किल्ला पडला. वारस परका ठरवतो, तिजोरी परक्याच्या ताब्यात जाते आणि विरोधाला ‘बंड’ म्हटले जाते. या तीन खुणा आढळतील तेथे, ध्वज कोणताही असो, साम्राज्यवाद ओळखावा.