फरशीखालची माती

फरशीच्या दुकानात नमुना सावलीत, पुसून ठेवलेला असतो. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, आंधळगावात, त्याच फरशीला मे महिन्यात 45 अंशांच्या वर जाणारं ऊन सोसायचं असतं. त्यानंतर वर्षाचा सुमारे 1300 मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्यामुळे रंग पाहून केलेली निवड इथे टिकत नाही.

आंधळगाव कोसा रेशमाच्या विणकामासाठी ओळखलं जातं. नात्यातल्या एका विणकर कुटुंबाला घरामागच्या सांदवाडीत, लिंबाच्या झाडाजवळ, बसाउठायला फरसबंद जागा करायची होती. त्या कामात मी सुरुवातीपासून होतो. घरातल्या काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, इथे कोश उकळायची चूल मांडतो, पापड वाळवतो, आणि सगळे अनवाणीच फिरतो. माझ्या मते साहित्य निवडण्याची खरी सुरुवात तिथेच झाली.

मिस्त्रींनी दुकानाचं नाव काढलं नाही. आधी फावडं घेतलं आणि कोपऱ्यात खड्डा खणला. वरची वीतभर भुरी माती संपली आणि खाली काळी, चिकट माती लागली. भंडाऱ्याचे शेतकरी मातीला नावानं ओळखतात: कन्हार, मोरांड, सिहार, बर्डी. धानाला मानवणारी काळी कन्हार फरशीच्या मुळावर येते. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते.

"खाली कन्हार आहे, भाऊ. सिमेंटमध्ये टाइल बसवली तर दोन पावसात उचलनारच," मिस्त्री म्हणाले. पार्किंग टाइलचा विषय तिथेच संपला. कडक सिमेंटच्या थरावर चिकटवलेली पातळ टाइल अशा जमिनीची हालचाल सोसू शकत नाही. इथे सुट्या तुकड्यांची, थोडी हलू शकणारी फरसबंदी हवी.

मग उरले ते तुकडे आम्ही भर दुपारी उन्हात मांडले. आंध्रातून येणारा काळा कडप्पा, राजस्थानातला घासलेला कोटा, कर्नाटकातल्या शहाबादची न घासलेली फरशी, सिमेंटचा गट्टू आणि भट्टीची वीट. दुपारी दोनला काकूंनीच अनवाणी पाऊल टेकवून पाहिलं. कडप्प्यावर पाय ठरला नाही. कोट्यावर साबणाचं पाणी ओतलं तर पाऊल सरकलं. घासलेला कोटा घराच्या आत छान, पावसात भिजणाऱ्या जागी धोक्याचा. विटेचा रंग सगळ्यांना आवडला, पण दोन विटा एकमेकींवर आपटल्या तेव्हा आवाज बसका आला. खणखणीत न वाजणारी, कमी भाजलेली वीट पाणी धरते, शेवाळते आणि पापुद्रे सोडते.

गट्टू वाईट नाही. भारतीय मानकाप्रमाणे बागेतल्या पायवाटेला 50 मिलिमीटर जाडीचा पुरतो, हलकी वाहनं जाणार असतील तर 60 मिलिमीटरचा घ्यावा. गाडी लावायची असती तर मी तोच सुचवला असता. बसायच्या जागेला मात्र दगडच शोभतो, हे माझं ठाम मत आहे.

शहाबादीवर लिंबू पिळलं तर बारीक फेस आला. हा चुनखडक आहे, आम्ल त्याला खातं. कडप्पा आणि कोटाही त्याच जातीचे. कोश सोड्याच्या पाण्यात उकळतात. सोडा आम्लाच्या उलट स्वभावाचा, म्हणून ते पाणी सांडलं तरी या दगडाला काही होत नाही. संडास धुण्याचं ॲसिड मात्र इथे कधीच आणायचं नाही, हे काकूंना दोनदा सांगितलं. शेवटी खडबडीत, दीड-दोन इंच जाडीची शहाबादी ठरली.

काम करताना सर्वांत जास्त वेळ फरशी बसवण्यात नाही, तिच्याखालच्या थरांत गेला. काळी माती सुमारे नऊ इंच काढून टाकली आणि तिथे मुरूम भरला. तोही एकदम नाही: थोडा टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुमसानं ठोकायचा, मग पुढचा थर. घाई करणाऱ्याची फरशी इथेच खचते. वर दगडाची चुरी पसरून फळीनं सारखी केली. दोरी बांधताना घराकडून बाहेर, दहा फुटांना दोन इंच उतार धरला. एवढाही नसेल तर पाणी भिंतीच्या पायात जिरतं. प्रत्येक फरशी हातोडीनं वाजवून घेतली, पोकळ आवाजाची परत केली. बसवताना रबरी हातोडा वापरला आणि फटींत सिमेंटऐवजी रेतीच भरली. लिंबाभोवती तीन फूट जागा मोकळी सोडली, कारण मुळांना पाणी आणि हवा दोन्ही हवं. ताणा ताणून बांधायचे खुंटे जिथे ठोकतात, ती पट्टीही मातीचीच ठेवली. सगळं अंगण झाकायचा सोस करू नये.

पावसाळ्यात दोन फरश्या किंचित खाली गेल्या. त्या पहारीनं उचलल्या, खाली मूठभर चुरी सारली आणि पुन्हा बसवल्या. सिमेंटमध्ये चिकटवल्या असत्या तर फोडाव्या लागल्या असत्या.

तुमच्याही अंगणात फरशी घालायची असेल तर आधी फूटभर खड्डा खणा. त्यात पाणी ओतून ते किती वेळ साचून राहतं ते पाहा. दुकानात त्यानंतर जा, आणि नमुना उन्हात ठेवून अनवाणी पायानं तपासून घ्या.