'कोणी केलं?' या प्रश्नाबद्दल

आता आपण सपोर्ट टीम सांभाळण्याच्या प्रश्नाकडे वळू. सिस्टिम बंद पडली की मॅनेजर आधी विचारतो, 'कोणी केलं?' हा प्रश्न जरा तपासून पाहू.

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा डेटाबेसची दुरुस्ती चालली होती. दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा होता. इंजिनिअरने ती आज्ञा चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. सुमारे ३०० जीबी डेटा बघता बघता गेला. 'कोणी?' याचं उत्तर लगेच मिळालं. पण बॅकअप शोधू लागले, तर रोजचा बॅकअप होतच नव्हता. प्रोग्रॅमची आवृत्ती जुळत नव्हती. तसं कळवणारे ईमेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते. शेवटी सहा तासांपूर्वीची प्रत हाती लागली. मधल्या वेळातल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

मग कंपनीने पुढचा प्रश्न विचारला आणि उत्तर जाहीरही केलं: बॅकअप तपासण्याचं काम कोणाचं होतं? कोणाचंच नव्हतं!

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजली आहेत. कर्ता हे त्यांतलं एक. बाकीची चार सोडून कर्त्यालाच धरलं, की माणसं चूक लपवायला शिकतात, आणि लपवलेली चूक पुन्हा घडते. म्हणजे जबाबदारीच नको, असं आम्ही म्हणत नाही. ती चुकीनंतर शोधण्याऐवजी आधी नेमून द्यावी. बॅकअपमधून डेटा खरोखर परत येतो का, हे दर महिन्याला कोणी पाहायचं? तुमच्या टीममध्ये ते नाव ठरलेलं आहे का?