काळ्या पँथरचे चिन्ह आणि काउंटीचे शासन

१

‘दलित पँथर’ ह्या नावाचा उगम सांगताना मराठी समीक्षा सामान्यतः एकाच पायरीवर थांबते. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या ह्या संघटनेने आपले नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ पक्षावरून घेतले, एवढे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे स्थापन झालेल्या त्या पक्षाने स्वतःच हे चिन्ह दुसरीकडून उचलले होते. त्याचे मूळ घर अलाबामा राज्यातील लाउंड्स नावाची एक दरिद्री, ग्रामीण काउंटी. तेथील कृष्णवर्णीय शेतकरी-मजुरांनी १९६६ साली ‘लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन’ हा स्थानिक पक्ष काढला आणि उडीच्या पवित्र्यातील काळा पँथर हे त्याचे निवडणूक-चिन्ह ठरविले.

त्या चिन्हाखाली लढविलेली पदे पाहिली म्हणजे भारतीय वाचक काहीसा बुचकळ्यात पडतो. शेरीफ, कॉरोनर, कर-आकारणी अधिकारी, कर-वसुली अधिकारी आणि शिक्षणमंडळाच्या तीन जागा, अशी ती सात पदे होती. गुलामगिरीचा वारसा वाहणाऱ्या समाजाने स्वातंत्र्याचा प्रारंभ राज्यपालाच्या किंवा विधिमंडळाच्या निवडणुकीपासून न करता मृत्यूची चौकशी करणाऱ्या आणि जमिनीचे मोल ठरविणाऱ्या अधिकाऱ्यांपासून का करावा? ह्या प्रश्नाचे उत्तर काउंटी ह्या संस्थेच्या रचनेत आहे. माणसाचा जीव, त्याला मिळणारा न्याय आणि त्याचे आरोग्य ह्या तिन्ही गोष्टी अमेरिकेत मोठ्या प्रमाणात काउंटीच्या हाती असतात. ती रचना ध्यानात आल्यावाचून ह्या चिन्हाचा अर्थ पूर्णपणे उलगडत नाही.

२

‘काउंटी’चा अनुवाद आपण सवयीने ‘जिल्हा’ असा करतो. क्षेत्रविभाग म्हणून तो चुकीचा नाही. सत्तेच्या दृष्टीने मात्र तो दिशाभूल करणारा आहे. भारतीय जिल्ह्याचा कणा म्हणजे वरून नेमलेला अधिकारी. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, १७७२ साली, कलेक्टरचे पद निर्माण झाले, आणि महसूल व दंडाधिकार एका हाती ठेवण्याची ती परंपरा पुढे टिकून राहिली. आजही जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक हे राज्यशासनाने नेमलेले असतात. महाराष्ट्रात १९६१ च्या अधिनियमाने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली. पण पोलीस, तुरुंग आणि सरकारी अभियोक्ता ह्यांपैकी काहीही लोकनियुक्त संस्थेकडे गेले नाही.

अमेरिकन काउंटीची घडण वेगळी आहे. इंग्लंडमधील ‘शायर’ हा तिचा पूर्वज. १६३४ साली व्हर्जिनिया वसाहतीची विभागणी आठ शायरांत झाली, तेव्हापासून ही संस्था अमेरिकन भूमीवर रुजली. आज तेथे तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. २०२० च्या जनगणनेत लॉस एंजेलिस काउंटीची लोकसंख्या एक कोटीच्या वर होती, तर टेक्सासमधील लव्हिंग काउंटीची अवघी ६४. कायद्याच्या दृष्टीने काउंटी ही राज्याचीच निर्मिती आहे. राज्याने दिले तेवढेच अधिकार तिला असतात, आणि अलाबामासारख्या राज्यात लहानसहान बाबींसाठीही तिला राज्याच्या विधिमंडळाकडे जावे लागते. असे असले तरी तिचे बहुतेक प्रमुख अधिकारी थेट मतदानाने निवडले जातात. शेरीफ हा काउंटी मंडळाचा नोकर नसतो, कॉरोनर हा शेरीफचा हाताखालचा माणूस नसतो. प्रत्येक जण आपापला जनादेश घेऊन बसलेला असतो. त्यांना जोडणारा एकच धागा म्हणजे मतदार. म्हणून मतदार कोण, ह्या प्रश्नाच्या उत्तरावर संरक्षण कोणाला मिळणार हे अवलंबून राहते.

३

ह्या पदांचे स्वरूप क्रमाने पाहावयास हवे.

शेरीफ हा शब्द ‘शायर-रीव्ह’, म्हणजे शायरचा राजनियुक्त कारभारी, ह्यापासून आला. मुंबईच्या वाचकाला शेरीफ म्हणजे ‘नगरपाल’ हे वर्षभराचे, सन्मानाचे, कार्यकारी सत्तेवाचूनचे पद एवढेच परिचित आहे. अमेरिकेत मात्र तो ग्रामीण भागाचा पोलीसप्रमुख, न्यायालयाच्या हुकमांची बजावणी करणारा आणि बहुतेक ठिकाणी काउंटीच्या तुरुंगाचा अधिपती असतो. नायब शेरीफ कोणाला नेमावे हे तोच ठरवितो. अलाबामात तर कैद्यांच्या अन्नासाठी राज्याने दिलेल्या पैशातून उरलेली रक्कम शेरीफने स्वतःसाठी ठेवावी, ही जुनी वहिवाट २०१९ च्या कायद्यापर्यंत चालू होती. कैद्याच्या ताटात काय पडते हेदेखील ह्या पदावर अवलंबून असते, ते असे.

कॉरोनर हे पद इंग्लंडमध्ये ११९४ साली राजाच्या हक्कांच्या रक्षणासाठी निर्माण झाले. अकस्मात किंवा संशयास्पद मृत्यूचे कारण ठरविणे हे त्याचे मुख्य काम. मुंबईतही ब्रिटिश काळापासून कॉरोनर होता. ते पद १९९९ साली रद्द झाले. इतरत्र आपल्याकडे पोलीस पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतात आणि कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकारी करतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १८७७ सालीच कॉरोनरऐवजी वैद्यकीय परीक्षक नेमण्यास प्रारंभ केला. परंतु अलाबामाच्या बहुतेक काउंट्यांत आजही कॉरोनर निवडून येतो आणि तो डॉक्टर असलाच पाहिजे असे नाही. तुरुंगात किंवा नायब शेरीफच्या गोळीने कोणी मेला, तर त्या मृत्यूला पहिले नाव देणारा अधिकारी हाच. रिचर्ड राइट ह्यांच्या ‘नेटिव्ह सन’ (१९४०) ह्या कादंबरीत शिकागोच्या कुक काउंटीतील कॉरोनरची चौकशी आणि पुन्हा निवडून येण्यास उत्सुक असलेला सरकारी वकील ह्यांना एवढे महत्त्व का आहे, हे ह्यावरून कळते. सरकारी वकील हेही तेथे बहुतांशी निवडणुकीचे पद आहे. काही राज्यांत ते एका काउंटीपुरते असते, तर अलाबामात काउंट्यांच्या गटासाठीही असते.

उरला कर-आकारणी अधिकारी. काउंटीच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार म्हणजे मालमत्ता कर, आणि जमिनीचे मूल्य ठरविणारा हा अधिकारी. त्याने मळेवाल्याच्या हजारो एकरांचे मोल कमी लावले, तर शाळा, रस्ते आणि आरोग्यसेवा ह्यांना पैसा कोठून येणार? वरकरणी सर्वांत रुक्ष वाटणारे हे पद म्हणूनच पँथरच्या यादीत होते.

४

लाउंड्स काउंटी सेल्मा आणि माँटगोमेरी ह्या दोन शहरांच्या मध्ये पसरलेली आहे. १९६५ च्या आरंभी तिच्या सुमारे पंधरा हजार लोकसंख्येत दर पाचांतील चार माणसे कृष्णवर्णीय होती, आणि त्यांतील एकाचेही नाव मतदारयादीत नव्हते. ह्याचा अर्थ त्या वर्षीच्या घटनांनी उघड केला. मार्च १९६५ मध्ये सेल्मा ते माँटगोमेरी ही मतदानहक्कासाठीची पदयात्रा ह्याच काउंटीतून गेली. ती संपली त्या रात्री व्हायोला लिउझो ह्या कार्यकर्तीचा येथील महामार्गावर गोळ्या घालून खून झाला. ऑगस्टमध्ये निदर्शकांना हेनव्हिल येथील काउंटीच्या तुरुंगात डांबण्यात आले. २० ऑगस्टला त्यांची सुटका होताच जोनाथन डॅनिअल्स हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी एका विशेष नायब शेरीफच्या बंदुकीने मारला गेला. सप्टेंबरअखेर बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने आरोपीला निर्दोष ठरविले.

ही घटना काउंटीची यंत्रणा मोडून पडल्याने घडली, असे म्हणता येत नाही. शेरीफने नेमलेला माणूस, शेरीफचा तुरुंग, काउंटीचे न्यायालय, काउंटीची ज्यूरी, ही सारी साखळी जागच्या जागी होती. ती ज्यांना उत्तरदायी होती त्यांच्यात मृताच्या बाजूचे कोणी नव्हते. भारतात फौजदारी खटल्यांतील ज्यूरीची पद्धत १९७३ च्या संहितेने संपली, त्यामुळे ज्यूरीची यादी कोण तयार करतो ह्या प्रश्नाची धार आपल्याला सहसा जाणवत नाही. लाउंड्समधील रहिवाशांनी तोच प्रश्न संघराज्याच्या न्यायालयात नेला. १९६६ च्या ‘व्हाइट विरुद्ध क्रुक’ ह्या निवाड्याने ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळणे घटनाबाह्य ठरविले. आणि अलाबामाच्या कायद्याने सर्वच स्त्रियांना ज्यूरीतून वगळले होते, तेही त्याच निवाड्याने घटनाबाह्य ठरले.

ऑगस्ट १९६५ च्या मतदानहक्क कायद्यानंतर नोंदणीसाठी संघराज्याचे अधिकारी आले. नावे नोंदविणाऱ्या कित्येक कुळांना मळेवाल्यांनी घराबाहेर काढले. त्यांनी महामार्गाच्या कडेला तंबूंत दिवस काढले. काउंटीवर पकड असलेल्या डेमोक्रॅटिक पक्षाने शेरीफपदाच्या उमेदवारीचे शुल्क ५० डॉलरवरून ५०० डॉलरवर नेले. अशा स्थितीत स्टोकली कारमायकल आणि त्यांच्या ‘स्निक’ ह्या विद्यार्थी संघटनेच्या सहकाऱ्यांना अलाबामाच्या कायद्यातील एक तरतूद सापडली. तिच्यानुसार काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष स्थापन करता येत होता.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावयास हवे. मतदारांत निरक्षर पुष्कळ असल्याने पक्षाला चिन्ह असणे आवश्यक होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून निवडणूक-चिन्हे पाहत आलेल्या भारतीय वाचकाला ह्याची निकड सांगावयास नको. डेमोक्रॅटिक पक्षाच्या राज्य शाखेचे चिन्ह होते पांढरा कोंबडा, आणि त्याच्यासोबत १९६६ च्या आरंभापर्यंत गौरवर्णीय श्रेष्ठत्वाचे घोषवाक्य छापले जाई. त्या कोंबड्यासमोर पँथर उभा राहिला. चिन्हाबरोबर एक छोटेखानी वाङ्मयही जन्माला आले. शेरीफने काय करावयाचे असते, कॉरोनरचे काम कोणते, कर कसा आकारला जातो, हे सोप्या वाक्यांत आणि चित्रांतून सांगणाऱ्या पुस्तिका कार्यकर्त्यांनी तयार केल्या, आणि सभांतून त्यांवर चर्चा घडविली. शासनसंस्थेचे ज्ञान हे तज्ज्ञांचे वतन नव्हे, हा त्या पुस्तिकांचा खरा आशय. ज्यांना आजवर शेरीफ केवळ दारावरच्या थापेने माहीत होता, त्यांना प्रथमच तो कर्तव्यांनी बांधलेला अधिकारी म्हणून दिसला.

नोव्हेंबर १९६६ च्या निवडणुकीत पँथरचे सातही उमेदवार पडले. मात्र मान्यताप्राप्त पक्ष ठरण्याइतकी मते मिळाली. १९७० साली ह्या चळवळीचे एक संस्थापक जॉन ह्यूलेट लाउंड्सचे शेरीफ म्हणून निवडून आले आणि त्यांनी ते पद दोन दशकांहून अधिक काळ सांभाळले.

५

तथापि पद हाती येणे आणि साधन हाती येणे ह्यांतील अंतर सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात स्पष्ट दिसते. ‘ब्लॅक बेल्ट’ हे नाव मुळात ज्या काळ्या मातीवरून पडले, ती आपल्या दख्खनच्या कापसाच्या जमिनीप्रमाणेच ओलीत फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी आहे. अशी चिकण जमीन सांडपाणी शोषून घेत नाही. साधी सेप्टिक टाकी तेथे तुंबते, आणि योग्य व्यवस्था बसविण्याचा खर्च गरीब कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो. परिणामी कित्येक घरांचे मैलापाणी नळीवाटे उघड्यावर पडते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत ५५ पैकी १९ जणांच्या नमुन्यांत अंकुशकृमीचे अंश आढळले. नमुना लहान असल्याने त्यावरून व्यापक अनुमान काढता येत नाही; पण जगातील संपन्न राष्ट्रात हा प्रश्न विचारावा लागला, हेच पुरेसे बोलके आहे.

काउंट्यांनी आरोग्याची जबाबदारी उचलण्याचा इतिहास उज्ज्वल आहे. विषमज्वराच्या साथीनंतर १९११ साली वॉशिंग्टन राज्यातील याकिमा काउंटीने पूर्णवेळ आरोग्य विभाग स्थापन केला, तो ह्या परंपरेच्या आरंभींचा होता. लाउंड्समध्ये मात्र आरोग्य विभाग राज्याच्या विभागाची शाखा आहे, आणि काउंटीच्या तिजोरीत पैसा थोडा. कारण अलाबामातील मालमत्ता कर देशातील सर्वांत हलक्या करांत मोडतो. त्यातून एक विपरीत स्थिती निर्माण झाली. सांडपाण्याची व्यवस्था न करणे हा गुन्हा असल्याने, ती परवडत नसलेल्या रहिवाशांवरच खटल्यांची टांगती तलवार आली. काहींना अटकही झाली. आरोग्याचा प्रश्न न्यायालयात आरोपी होऊन उभा राहिला. कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स ह्यांनी हा विषय अनेक वर्षे लावून धरला आणि ‘वेस्ट’ (२०२०) ह्या ग्रंथात मांडला. मे २०२३ मध्ये संघराज्याच्या न्याय विभागाने राज्याच्या आणि काउंटीच्या आरोग्य विभागांशी करार करून अशा कारवाया थांबविल्या. एप्रिल २०२५ मध्ये न्याय विभागाने तो करार संपुष्टात आणला.

६

ह्या विवेचनातून अनुवादकापुढे आणि समीक्षकापुढे येणारा मुद्दा असा. ‘शेरीफ’ला ‘फौजदार’ किंवा ‘कोतवाल’ म्हटले की त्याच्या पदामागचे मतदान नाहीसे होते; ‘काउंटी’ला ‘जिल्हा’ म्हटले की सत्ता वरून आल्याचा भास होतो. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) मधील शेरीफ बू रॅडलीला न्यायालयात न खेचण्याचे ठरवितो, तेव्हा तो कोणा वरिष्ठाची परवानगी घेत नाही. ‘फौजदार’ हा शब्द हे सुचवू शकत नाही. अशा वेळी मूळ संज्ञा देवनागरीत तशीच ठेवून तिचा अधिकार एका वाक्यात उलगडणे हे अधिक सुरक्षित होय.

दलित पँथरच्या संदर्भात हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. मुंबईत आलेला पँथर ओकलंडच्या मार्गाने, बंडखोर शहरी तरुणाची प्रतिमा घेऊन आला, आणि आपल्या समीक्षेने तीच प्रतिमा जतन केली. त्या प्रतिमेआड राहिला तो हेनव्हिलचा पँथर, तुरुंगाची किल्ली कोणाकडे, मृत्यूची नोंद कोण करणार आणि मळेवाल्याच्या जमिनीला किती कर, असे साधे प्रश्न विचारणारा. गावकुसाबाहेरील वस्तीतून पोलीसठाणे, पंचनामा, पाणवठा आणि सातबारा ह्यांकडे पाहणाऱ्या मराठी दलित साहित्याला हे प्रश्न परके नाहीत. दोन साहित्यांची तुलना करताना प्रतिमेपेक्षा ह्या प्रश्नांपासून आरंभ केला, तर ती अधिक फलदायी ठरेल.