युद्धसमाधिभूमी व युद्धस्मारके, परदेशांतील

स्वदेशाबाहेर लढताना मृत्यू पावलेल्या सैनिकांची दफनस्थाने, तसेच ज्यांचे अवशेष सापडले नाहीत वा ओळखता आले नाहीत अशांच्या नावांची स्मारके. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत सामान्य सैनिकांस बहुधा रणभूमीवरच सामुदायिक खड्ड्यांत पुरण्यात येई. नामनिर्देशाचा मान प्रायः अधिकाऱ्यांनाच लाभे. पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) प्रचंड मनुष्यहानीमुळे ही प्रथा पालटली.

फ्रान्समधील रेडक्रॉसच्या एका पथकाचे प्रमुख फेबियन वेअर (१८६९–१९४९) यांनी थडग्यांच्या पद्धतशीर नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला. त्यांच्या प्रयत्नांतून २१ मे १९१७ रोजी ब्रिटिश राजसनदेन्वये ‘इंपीरिअल वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन’ हा आयोग स्थापन झाला. १९६० पासून तो ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशन’ या नावाने ओळखला जातो. दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांच्या स्मृतींचे जतन त्याच्याकडे आहे. प्रत्येकाचे नाव समाधिशिलेवर वा स्मारकावर कोरणे आणि हुद्दा, वंश व धर्म यांवरून भेद न करणे, ही त्याची मूलतत्त्वे होत. सेनापती व शिपाई यांच्या समाधिशिला त्यामुळे एकाच आकाराच्या असतात. मृतदेह मायदेशी न नेण्याचे ब्रिटनचे धोरण होते. अमेरिकेने मात्र पहिल्या महायुद्धानंतर हा निर्णय आप्तांवर सोपविला.

फ्रान्समधील नव-शापेल येथील भारतीय स्मारक हर्बर्ट बेकर यांच्या आराखड्यानुसार उभारण्यात येऊन १९२७ मध्ये त्याचे अनावरण झाले. सुमारे १५ मी. उंचीच्या, कमलशीर्ष असलेल्या स्तंभाभोवतीच्या या वर्तुळाकार वास्तूत थडगी अज्ञात असलेल्या ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ ज्या ठिकाणी ५३ हिंदू व शीख सैनिकांचे दहन झाले, तेथे १९२१ मध्ये छत्री उभारण्यात आली.

समतेचे तत्त्व सर्वत्र पाळले गेले नाही. मेसोपोटेमियातील मृतांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे उभारलेल्या स्मारकावर ब्रिटिश सैनिक व भारतीय अधिकारी यांची नावे कोरली गेली. भारतीय शिपायांची व नाईक-हवालदारांची मात्र पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. कूट येथे २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, हे लक्षात घेता या उणिवेचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध येतो. १९९७ मध्ये इराकी शासनाच्या आदेशाने हे स्मारक नासिरियाच्या मार्गावर सुमारे ३२ किमी. अंतरावर हलविण्यात आले.

आयोगाने नेमलेल्या समितीच्या २०२१ मधील अहवालानुसार पहिल्या महायुद्धातील अंदाजे ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण विषम रीतीने झाले. याशिवाय किमान १ लाख १६ हजार मृतांची नावे कोठेही कोरली गेली नाहीत. ही संख्या साडेतीन लाखांपर्यंतही असू शकते. यांत आफ्रिकी, भारतीय व ईजिप्शियन यांचा भरणा मोठा होता. आयोगाने याबद्दल क्षमायाचना केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर (१९३९–४५) ही पद्धत बदललेली दिसते. इटलीत १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचे नाव तेथील कासीनो स्मारकावर आहे. थडगे नसलेल्या सैनिकाचे नाव हीच त्याची समाधी ठरते. म्हणूनच बसरा येथील निनावी संख्यांच्या मागची नावे शोधणे हे आयोगाचे महत्त्वाचे उर्वरित कार्य होय.